माशांचीं अंडीं फलित कशीं होतात?

जालना जिल्ह्यांतील जाफराबाद हें गांव केळणा आणि धामणा या दोन नद्यांच्या संगमावर वसलेलें आहे. हें पाणी पुढें पूर्णेला आणि पूर्णेच्या द्वारें गोदावरीला मिळतें. परंतु मराठवाड्यांतील बहुतेक लहान नद्यांप्रमाणें या नद्यांचें खरें आयुष्य पावसाळ्याचेंच. वैशाखांत अशा पात्रांत दगडगोटे उघडे पडतात, पाणी डबक्याडबक्यांतून कसेंबसें तग धरून राहतें, आणि मृगाचा किंवा आर्द्रेचा मोठा पाऊस झाला म्हणजे तेंच पात्र गढूळ पाण्यानें भरून वाहूं लागतें. महाराष्ट्रांतील नद्या-ओढ्यांतून या पहिल्या पुराच्या वेळीं मासे प्रवाहाच्या उलट दिशेनें वर चढतांना दिसतात. कोंकणांत त्यांस वलगणीचे मासे म्हणतात, घाटावर चढणीचे मासे म्हणतात. पाण्याच्या लोंढ्याशीं झुंज घेत ही चढाई चालते ती नव्या पाण्यांत अंडीं घालण्यासाठीं.

आतां याच गांवांतील, अथवा जालना, पुणें, मुंबई अशा एखाद्या शहरांतील सुशिक्षित कुटुंबाचा दिवाणखाना डोळ्यांपुढें आणावा. कोपऱ्यांत कांचेची टाकी आहे आणि तींत गोल्डफिशची जोडी आहे. एके दिवशीं पहाटे नर मादीचा पाठलाग करूं लागतो, पाणी खळबळतें, आणि थोड्याच वेळांत पाणवनस्पतीच्या पानांना मोहरीच्या दाण्याएवढे पारदर्शक मणी चिकटलेले दिसतात. मुलें शेजारच्या घरांतून सवंगड्यांना बोलावून आणतात. दुसऱ्या दिवशीं त्यांतले पुष्कळ मणी दुधाळ पांढरे होतात, तिसऱ्या दिवशीं त्यांवर कापसासारखी बुरशी चढते, आणि चौथ्या दिवशीं सारें ओतून टाकावें लागतें. मुलांचा हिरमोड होतो. वडील माणसें दोष देतात तो मासे विकणाऱ्यास, नाहीं तर बुरशीस.

नर होता, मादी होती, अंडींही होतीं. मग पिलें कां झालीं नाहींत? या प्रश्नाचें उत्तर असें कीं, अंडें घातलें जाणें आणि अंडें फलित होणें या दोन निराळ्या घटना आहेत. पहिली घडली म्हणजे दुसरी घडलीच असें नाहीं. आणि दुसरी घडण्यास निसर्गानें जो अवधि दिलेला आहे, तो बहुतेक गोड्या पाण्यांतील माशांच्या बाबतींत एका मिनिटाच्या आंतबाहेर असतो. तें मिनिट साधलें तर पिलें होतात. हुकलें तर मागाहून कितीही काळजी घेतली तरी तिचा उपयोग नाहीं.

हा भेद स्पष्ट होण्यासाठीं कोंबडीचें उदाहरण घ्यावें. कोंबडीच्या अंड्याचें फलन तिच्या शरीरांत होतें, आणि त्यानंतर त्यावर कठीण कवच चढून तें बाहेर येतें. म्हणजे कोंबडीचें अंडें जगांत येतें तेव्हांच त्याचें भवितव्य ठरून गेलेलें असतें. अंडीं घालणाऱ्या बहुसंख्य माशांत क्रम उलटा आहे. मादीच्या पोटांतील गाभोळी, म्हणजे अंड्यांचा पुंजका, हा फलित झालेला नसतो. ताटांत वाढलेल्या गाभोळींतील प्रत्येक दाणा नराच्या भेटीपूर्वींचाच असतो. अंडें आधीं पाण्यांत येतें, नराचें दुधासारखें वीर्य त्याच वेळीं त्याच पाण्यांत मिसळतें, आणि फलन होतें तें उघड्या पाण्यांत. कोंबडीच्या बाबतींत जें काम शरीर करतें, तें माशांच्या बाबतींत पाण्यावर सोंपविलेलें आहे.

या नियमास एक मोठा अपवाद आहे, आणि तो महाराष्ट्रांत खेडोपाडीं ओळखीचा आहे. डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खात्यातर्फे हौदांत व डबक्यांत सोडला जाणारा गप्पी मासा तो हाच. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागांतला आणि त्रिनिदाद बेटांतला. त्रिनिदादमध्यें राहणाऱ्या रॉबर्ट जॉन लेचमीर गप्पी या गृहस्थांनीं त्याचे नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे पाठविले, आणि सन १८६६ मध्यें त्यांचें नांव या माशास जोडलें गेलें. गप्पीच्या नराचा पोटाखालचा मागचा पर लांबट व टोकदार झालेला असतो. त्याच्या साह्यानें तो शुक्रजंतूंच्या लहान लहान पुड्या मादीच्या शरीरांत पोंचवितो. अंडें तेथें अंडाशयांतच फलित होतें, तेथेंच वाढतें, आणि साधारण चार आठवड्यांनीं पोहणारीं पिलें बाहेर पडतात. मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे मासेही याच जातकुळींतले.

गप्पीची आणखी एक मौज आहे. एकदां मिळालेले शुक्रजंतु मादी कांहीं महिने आपल्या शरीरांत जपून ठेवते आणि त्यांतून एकामागून एक विणी काढते. त्यामुळें दुकानांतून एकटीच मादी घरीं आणली, टाकींत नराचा पत्ता नाहीं, तरी महिन्यानें पिलें दिसतात आणि घरच्या मंडळींस तो चमत्कार वाटतो. गप्पीची पैदास कोणासही सहज साधते, त्याचें कारण हेंच. तेथें त्या एका मिनिटाचा प्रश्न निसर्गानें शरीराच्या आंत सोडविलेला आहे. गोल्डफिश, बार्ब, टेट्रा, एंजल, फायटर यांच्या बाबतींत तो टाकींतील पाण्यांत सुटावा लागतो.

त्या मिनिटांत काय घडतें तें आतां पाहूं या. नराच्या शरीरांत शुक्रजंतु तयार असतात, पण हलत नाहींत. ते जणूं निजलेले असतात. त्यांच्याभोंवतीं जो द्रव असतो त्यांत क्षारांचें प्रमाण शरीराच्या इतर द्रवांइतकेंच असतें, आणि त्या प्रमाणांत त्यांची शेपटी निश्चल राहते. नदीचें किंवा टाकीचें गोडें पाणी या द्रवाच्या मानानें फारच फिकें. वीर्य पाण्यांत मिसळतांच क्षारांचें प्रमाण एकदम घटतें, आणि तोच शुक्रजंतूंना जागें होण्याचा इशारा ठरतो. मोरिसावा आणि सुझुकी या जपानी शास्त्रज्ञांनीं सन १९८० मध्यें ही गोष्ट निरनिराळ्या माशांवर प्रयोग करून दाखविली. समुद्रांतील माशांत हाच न्याय उलटा चालतो: त्यांच्या शरीरापेक्षां समुद्राचें पाणी अधिक खारें, म्हणून तेथें क्षार वाढले म्हणजे शुक्रजंतु जागे होतात. ट्राऊट माशांत मात्र क्षारांच्या एकंदर प्रमाणापेक्षां पोटॅशियम कमी होणें हा मुख्य इशारा असतो.

परंतु जें पाणी जागें करतें तेंच पाणी मारतेंही. फिक्या पाण्यांत शुक्रजंतूचें शरीर फुगूं लागतें, आणि वेगानें शेपटी हलविण्यांत त्याच्याजवळची तुटपुंजी शक्ति भराभर खर्च होते. गोल्डफिश आणि रोहू-कटल्याच्या कुळांतील माशांत ही धडपड बहुधा एका मिनिटांत संपते. ट्राऊट माशांत तर अर्ध्या मिनिटाच्या सुमारास. म्हणजे नराचें वीर्य पाण्यांत पडल्यापासून लहान मुलाला साठपर्यंत आंकडे म्हणावयास जेवढा वेळ लागेल, तेवढ्यांत सर्व कांहीं होऊन गेलेलें असतें.

आतां अंड्याकडे वळावें. माशाच्या अंड्याभोंवतीं एक चिवट कवच असतें आणि शुक्रजंतूला तें भेदतां येत नाहीं. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या शुक्रजंतूच्या डोक्यावर अंड्याचें आवरण पार करण्यास मदत करणारी एक टोपी असते. हाडांच्या सांगाड्याच्या बहुतेक माशांत ती नसते. तिची उणीव निसर्गानें दुसऱ्या युक्तीनें भरून काढली आहे. कवचाला एके ठिकाणीं, आणि बहुधा एकाच ठिकाणीं, नरसाळ्याच्या आकाराचें एक छिद्र असतें. त्याला सूक्ष्मद्वार म्हणावें. त्याचा तळ इतका अरुंद असतो कीं एका वेळीं एकच शुक्रजंतु त्यांतून आंत जाऊं शकतो. मोहरीच्या दाण्याएवढ्या गोलावर डोळ्यांना न दिसणारें एक दार, आणि तें शोधण्यास मिळणारा वेळ एक मिनिट, असा हा प्रकार आहे.

मग शुक्रजंतूला तें दार सांपडतें कसें? भारतांतील गोड्या पाण्यांतला रोझी बार्ब हा मासा टाकींत हौसेनें पाळला जातो. त्याच्या अंड्यांचा अभ्यास सन १९९० मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत असें आढळून आलें कीं, सूक्ष्मद्वाराभोंवतीं कवचावर कांहीं चऱ्या असतात आणि त्या सर्व दाराकडे उतरत जातात. पावसाचें पाणी जसें पन्हळींतून एका जागीं यावें, तसे शुक्रजंतु त्या चऱ्यांतून दाराशीं येतात. हेरिंग नांवाच्या समुद्रांतील माशाच्या अंड्यांत दाराजवळ असे पदार्थ असतात कीं त्यांच्या सान्निध्यांत आल्यावरच शुक्रजंतूला खरी चालना मिळते.

एक शुक्रजंतु आंत गेला कीं दार बंद होणें आवश्यक असतें. दोन शिरले तर पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रांचें प्रमाण बिघडतें आणि गर्भ जगत नाहीं. म्हणून अंड्याच्या आंत, पृष्ठभागाजवळ, सूक्ष्म पिशव्या तयार असतात. त्या फुटतात, त्यांतील द्रव्य कवचाखालीं पसरतें, बाहेरचें पाणी आंत ओढलें जातें, कवच फुगून अंड्यापासून सुटें होतें आणि सूक्ष्मद्वार मिटतें. आतां लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, गोड्या पाण्यांतील अनेक माशांत ही सारी क्रिया सुरू होण्यास शुक्रजंतूची गरजच लागत नाहीं. अंड्याला पाणी लागलें एवढेंच पुरतें. अतिथि आला असो वा नसो, पाणी लागतांच दार लोटलें जाऊं लागतें. तात्पर्य, एकाच पाण्यानें नराच्या बाजूस निद्राभंग होतो, मादीच्या बाजूस दार मिटूं लागतें, आणि या दोहोंच्या मधल्या फटींत माशांचा वंश चालू राहतो.

हें रहस्य शास्त्रज्ञांच्या पूर्वीं मासे वाढविणाऱ्यांच्या हातांस कळलें होतें. अठराव्या शतकांत जर्मनीतील लुडविग याकोबी यानें ट्राऊट माशाचें पोट हलक्या हातानें दाबून अंडीं काढलीं, नराचें वीर्य काढलें, आणि दोहोंचें मिश्रण करून पिलें मिळविलीं. पण अंडीं पाण्यांत घेऊन त्यांत मागाहून वीर्य सोडावयाचें, या रीतीनें पुष्कळ अंडीं वायां जात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रशियांतील व्रास्की यानें क्रम बदलला. त्यानें कोरड्या भांड्यांत अंडीं घेतलीं, त्यांवर कोरडेंच वीर्य घातलें, दोन्ही हलकेच कालविलीं आणि मग पाणी ओतलें. शुक्रजंतु अंड्यांना खेटून असतांना जागे झाले आणि फलित अंड्यांचें प्रमाण एकदम वाढलें. ‘कोरडी पद्धति’ या नांवानें ती आजही मत्स्यबीज केंद्रांत चालते. तींत नवें यंत्र नाहीं, नवें औषध नाहीं. पाणी केव्हां घालावें एवढेंच त्यांत कळलेलें आहे.

आपल्या देशांत प्रश्न निराळा होता. रोहू, कटला, मृगळ हे मासे तळ्यांत वाढत, पण तेथें अंडीं घालीत नसत. त्यांना पुराचें वाहतें पाणी लागे. म्हणून पुराच्या वेळीं नदींतून मत्स्यजिरे, म्हणजे नुकतीं निघालेलीं पिलें, गोळा करावीं लागत, आणि त्यांत नको त्या जातींची भेसळ येई. ता. १० जुलै १९५७ रोजीं ओडिशांतील अंगुल येथें हिरालाल चौधुरी आणि त्यांचे सहकारी के. एच. अलिकुन्ही यांनीं माशांच्या मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोंचून या कुळांतील माशांना बांधल्या पाण्यांत अंडीं घालावयास लावलें. पुराचा निरोप जो मेंदूमार्फत शरीरास पोंचावयाचा, तो त्यांनीं सुईनें पोंचविला. देशांतील मत्स्यशेती त्यांतून वाढली, आणि १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. तथापि हेंही ध्यानांत ठेवावें कीं, टोंचणीनें अंडीं पक्व होऊन बाहेर येतात इतकेंच. पुढचें फलन होतें तें पूर्वीप्रमाणेंच पाण्यांत आणि पूर्वीइतक्याच घाईनें.

एकाच ओढ्यांत पांच जातींचे मासे अंडीं घालीत असतील तर भलत्याच जातीचा शुक्रजंतु आंत कसा शिरत नाहीं, अशी शंका येणें स्वाभाविक आहे. या शंकेचें उत्तर झेब्रा या पट्टेदार माशानें मिळवून दिलें. हा मासा भारताच्याच ओढ्यांतला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनीं सन १८२२ मध्यें त्याचें पहिलें शास्त्रीय वर्णन केलें. त्याचीं अंडीं आणि गर्भ पारदर्शक असल्यामुळें आज तो जगभर प्रयोगशाळांत वाढविला जातो, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत व पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेंतही त्यावर काम होतें. सन २०१८ मध्यें व्हिएन्ना येथील संशोधकांनीं झेब्राच्या अंड्यावरील एक प्रथिन शोधून काढलें आणि त्यास ‘बाउन्सर’, म्हणजे द्वाररक्षक, असें नांव दिलें. तें प्रथिन नसेल तर शुक्रजंतु दाराशीं येऊनही आंत मिसळूं शकत नाहीं. त्याच्या जागीं मेडाका या जपानी माशाचें तसलेंच प्रथिन बसवितांच झेब्राच्या अंड्यानें मेडाकाचा शुक्रजंतु आंत घेतला. यावरून दारावर केवळ फटच नसून ओळख पटविणारा पहारेकरीही आहे, हें सिद्ध झालें.

हें सर्व समजल्यावर टाकींतील माशांच्या विचित्र वागण्याचा अर्थ आपोआप उलगडतो. वेळ इतका थोडा, म्हणून नर व मादी यांनीं शक्य तितकें जवळ असणें अवश्य. गोल्डफिशचा नर मादीला ढुशा देत पानांत रेटतो, तो छळ नव्हे. अंडें आणि वीर्य एकाच जागीं, एकाच क्षणीं पडावें यासाठीं तें चाललेलें असतें. एंजल मादी रुंद पानावर अंड्यांची एक ओळ चिकटवून पुढें सरकते आणि नर तिच्या मागोमाग त्याच ओळीवरून जातो. फायटर नर पृष्ठभागावर बुडबुड्यांचें घरटें बांधतो, त्याखालीं मादीला विळखा घालतो, आणि खालीं ओघळणारीं अंडीं तोंडांत टिपून घरट्यांत नेऊन ठेवतो. घडण निरनिराळी, पण हेतु एकच: त्या मिनिटांतले अंतर कमी करणें.

आतां घरच्या टाकींत हें कां फसतें याचीं मुख्य कारणें पाहावीं. पहिलें कारण अगदीं साधें आहे. जिला जोडी म्हणतात ती जोडी नसते. एंजलमध्यें नर-मादी बाहेरून ओळखणें कठीण असतें, आणि दोन माद्या एकत्र वाढल्या तर पान साफ करणें, अंडीं घालणें, त्यांवर पहारा करणें, सारें यथासांग करतात. अंडीं मात्र सगळीं पांढरीं होतात. प्रत्येक खेपेस एकूणएक अंडें पांढरें होत असेल तर औषधापूर्वीं जोडीविषयीं शंका घ्यावी. गोल्डफिशच्या नराची खूण सोपी आहे: विणीच्या काळांत त्याच्या कल्ल्यांच्या झांकणांवर बारीक पांढऱ्या पुळ्या येतात. पुष्कळ जण त्यांनाच रोग समजून औषध टाकतात आणि ऐन वेळीं पाणी बिघडवितात.

दुसरें कारण प्रवाहाचें. जोराच्या फिल्टरनें वीर्य विरळ होऊन वाहून जातें. विणीच्या वेळीं पाणी शक्य तितकें संथ असावें. अंडीं घालून झाल्यावर मात्र हवेचे बुडबुडे मंद सोडावे, कारण वाढत्या गर्भाला प्राणवायु लागतो.

तिसरें कारण पाण्याच्या गुणाचें, आणि येथें जाफराबादसारख्या गांवाचा विशेष विचार केला पाहिजे. दख्खनच्या काळ्या पाषाणांतून येणारें विहिरीचें किंवा बोअरचें पाणी बहुधा जड असतें. त्यांत साबणाला फेंस येत नाहीं, तापविलेल्या भांड्याला पांढरा थर बसतो. गप्पी, मॉली, गोल्डफिश यांना असें पाणी मानवतें. पण ॲमेझॉनच्या मऊ पाण्यांतला निऑन टेट्रा त्या पाण्यांत जगला तरी त्याचीं अंडीं त्यांत नीट फळत नाहींत. ज्याला टेट्राची पैदास करावयाची असेल त्यानें पावसाचें स्वच्छ पाणी किंवा आर. ओ. यंत्राचें पाणी मिसळून मगच प्रयत्न करावा. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन तर शुक्रजंतु व पिलें दोहोंसही घातक. असें पाणी उघड्या भांड्यांत निदान एक दिवस ठेवून मग वापरावें.

चौथें कारण तयारीचें. विणीपूर्वीं आठवडाभर नर व मादी वेगळीं ठेवून त्यांना सकस खाणें द्यावें. त्यामुळें अंडीं व वीर्य दोन्ही पक्व होतात. मग संध्याकाळीं टाकींतील थोडें पाणी काढून त्याजागीं किंचित् थंड, ताजें, क्लोरीन गेलेलें पाणी घालावें. अनेक मासे याला पावसाचा निरोप समजतात आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे विणीस लागतात.

अंडीं पडल्यावर धीर धरावा. पांढरें झालेलें अंडें हें बुरशीमुळें मेलेलें असतें असा समज सर्वत्र आहे. वस्तुस्थिति बहुधा उलटी असते. अंडें फलित झालेलें नसतें, म्हणून तें मरतें, आणि मेलेल्यावर बुरशी वाढते. मात्र तीच बुरशी तंतु पसरून शेजारच्या जिवंत अंड्यांनाही गुदमरवते. म्हणून चोवीस तासांनीं पांढरीं अंडीं ड्रॉपरनें एकेक करून काढावीं आणि पाण्याला जेमतेम निळसर झांक येईल इतकेंच मेथिलीन ब्ल्यू घालावें. फलित अंड्यांत दोन-तीन दिवसांत दोन काळे ठिपके दिसूं लागतात. ते पिलाचे डोळे. चोवीस-पंचवीस अंश सेल्सिअस उष्णमानांत गोल्डफिशचीं पिलें साधारण चार दिवसांत बाहेर येतात; झेब्रा व एंजल यांचीं दोन-तीन दिवसांत, फायटरचीं एक-दोन दिवसांत. पहिले एक-दोन दिवस पिलें पोटाखालच्या बलकावरच जगतात. त्या वेळीं खाणें घातलें तर तें कुजून पाणी नासतें. गोल्डफिश आपलींच अंडीं खातो, तेव्हां आईबापांना लगेच दुसऱ्या टाकींत हलवावें. फायटरची मादी काढून नर ठेवावा, कारण पिलें पोहूं लागेपर्यंत सांभाळ तोच करतो. नंतर त्यासही काढावें.

मग एक दिवस अडचण निराळीच होते. एका विणीचीं शेकडों पिलें झालीं, ठेवावयाचीं कोठें? पुष्कळ भल्या माणसांना वाटतें कीं नदींत सोडावीं, म्हणजे पुण्यही लागेल. हें करूं नये. परदेशांतून आलेला मासा नदींत रुजला तर तो तिथल्या माशांचीं अंडीं आणि खाणें यांवर घाला घालतो. गप्पी हा हौदांतील डासांसाठीं चांगला. पण नदींत त्यास स्थान नाहीं. जादा पिलें दुसऱ्या पाळणाऱ्यास किंवा दुकानदारास द्यावीं.

कारण त्या नदीची गरज मोठी आहे. कांचेच्या टाकींत एक वीण फसली तर पुढच्या महिन्यांत दुसरी साधतां येते. डबक्यांत तग धरलेल्या नदींतल्या माशाला वर्षांतून पुराचे मोजकेच दिवस मिळतात, आणि त्या दिवसांतही एकेका अंड्याला एकेकच मिनिट. त्या वेळीं पाण्यांत सांडपाणी किंवा विषारी औषध असेल, चढणीच्या वाटेवर जाळें आडवें बांधलेलें असेल, तर सबंध वर्ष वायां जातें. ज्या घरांतील मुलांनीं भिंगांतून अंड्याच्या आंत हलणारे दोन काळे ठिपके पाहिले, त्यांना पहिल्या पुराच्या दिवशीं संगमावर उभें राहून त्या गढूळ पाण्यांत काय चाललें आहे, हें निराळें सांगावें लागणार नाहीं.